अकरा फूट आठ इंचांचा भोंगा

बर्लिन, २८ फेब्रुवारी १८३६

प्रिय सिडोनी मावशी,

तुझं पत्र मिळालं. काकांना जाऊन सात महिने होतायत आणि तो एहरेगोट दर रविवारी चर्चमधून थेट तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतो, हे वाचून मी ताट बाजूला सारलं. माणूस तांबटांच्या पंचायतीचा म्होरक्या आहे, किटल्या बऱ्या ठोकतो, तीस वर्षं चर्चमध्ये तो कातडं चढवलेला लाकडी नाग, ते वळणावळणाचं खालच्या सुराचं वाद्य, फुंकतो, सगळं मान्य. पण म्हणून त्याला जन्मभर वाढायचं?

पंचायतीचा नियम मला ठाऊक आहे. तांबटाच्या विधवेला दुकान चालवायला एक वर्ष एक दिवस. नंतर एक तर तांबटाशी लग्न कर, नाहीतर भट्टी विझव. म्हणजे मॅग्डालेनाचा सण झाला की दुसऱ्या दिवशी, तेवीस जुलैला, पंचायत तुझ्या दारात. मी इथून काय करणार? शिकून झाल्यावर कारागिराने गावोगाव काम करत हिंडायचं, त्या फिरतीची अजून दीड वर्षं आहेत. गावाच्या तीन मैल आत पाऊल टाकलं तर माझी फिरतीची नोंदवही फाडतील आणि जन्मभर बादल्यांना ठिगळं लावत बसेन. काकांच्या मातीलासुद्धा येता आलं नाही, ते अजून खुपतं.

पण ऐक, एक गंमत आहे. परवा इथल्या पलटणीच्या बँडमध्ये नवीन वाद्य पाहिलं. अख्खं पितळेचं, मांडीवर उभं धरायचं, वर तोंड केलेला भोंगा आणि पोटाशी दाबायचे पाच दट्टे. ट्यूबा म्हणतात. गेल्याच वर्षी निघालंय. त्याने खालचा सूर लावला तेव्हा माझ्या हातातल्या पेल्यात बिअर थरथरली. चाळीस माणसं वाजवत होती, तरी सगळ्यांच्या बुडाशी ते एकटं ऐकू येत होतं. एहरेगोटचा नाग त्याच्यापुढे शिंकल्यासारखा वाटेल.

प्रशियाच्या राजाने दुसऱ्या कोणी ते बनवायचं नाही असा हुकूम काढलाय. पण प्रशियाचा राजा आपल्या सॅक्सनीत कोण लागून गेला?

तुझा लेबरेख्त

आल्टेनग्रुंड, १२ मार्च

लेबरेख्त,

पत्रात बिअरचा उल्लेख तीनदा आहे असं मी धरते, दोन तू खोडले असशील.

एहरेगोट येतो, बसतो, अळशीचं तेल घातलेले बटाटे तीन वाट्या खातो आणि काकांच्या ऐरणीकडे असा बघतो की मला ऐरणीवर शाल पांघरावीशी वाटते. माझ्याकडे तितकं बघत नाही. मला नवरा नको रे. एक होता, चांगला होता, पुरला. मला माझी भट्टी हवी. सकाळी उठून ती पेटवायची नसेल तर मी उठू कशाला, हे मला खरंच कळत नाही.

आता कामाचं. या गावात पंचायतीच्या वर एकच माणूस आहे, तो म्हणजे खाणप्रमुख. खाणीचा लोहार, खाणीचा सुतार यांना पंचायत हात लावू शकत नाही, कारण ते राजाच्या चांदीची चाकरी करतात. खाणीचा तांबट मात्र आजवर नाही. दोन वर्षांपूर्वीच्या सणाला खाणवाल्यांची मिरवणूक चर्चमध्ये आली, चारशे माणसांनी स्तोत्र उचललं आणि एहरेगोटचा नाग त्यात बुडून मेला. खाणप्रमुख बाहेर पडताना म्हणाले, "खालचा सूर कुठे गेला? पाया नसलेलं घर वाटतं." हे मी या कानांनी ऐकलंय.

तेव्हा त्या भोंग्याची मापं पाठव. नळी किती लांब, कुठे किती रुंद, दट्टे कसे. ट्राउगोट बनवेल. चाळीस वर्षं आपल्या दुकानात कारागीर आहे, हात अजून चालतो. नीट मोज. अंदाजपंचे काही लिहू नकोस.

मावशी

बर्लिन, २ एप्रिल

प्रिय मावशी,

मापं सोबत आहेत, तीन मोठ्या कागदांवर, दोन्ही बाजूंनी.

कशी मिळवली ते ऐक. ट्यूबा वाजवणारा कॉर्पोरल बोल्डुआन म्हणजे माणसाच्या आकाराचं पिंप. वाटाण्याचं सूप, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे, हे त्याचं दैवत. तालमीनंतर मी त्याला सूप पाजतो. दुसऱ्या वाडग्याला तो भावूक होतो, तिसऱ्याला झोपतो. वाद्य मांडीवर, हात त्याच्याभोवती. मी दोरा घेऊन नळीच्या वळणावळणाने फिरतो. एकदा दोऱ्याचं टोक त्याच्या मिशीत अडकलं. तो झोपेत म्हणाला, "आई, नको." मी अर्धा तास श्वास रोखून उभा.

नऊ दुपारी लागल्या. दोरा खोलीवर आणून मोजपट्टीवर धरतो आणि लिहून काढतो. पूर्ण नळी अकरा फूट आठ इंच. दट्ट्यांची काळजी नको, मी इथे पंपांच्या कारखान्यातच कामाला आहे, त्यामुळे दट्टे म्हणजे माझ्या हातचा मळ. आतून कसे घासायचे ते चौथ्या आकृतीपाशी लिहिलंय. ट्राउगोटला म्हणावं, नळी वाकवण्याआधी राळ काठोकाठ भर, नाहीतर सुरकुत्या पडतील.

बोल्डुआन परवा म्हणाला, "लेबरेख्त, तुझ्यासारखा मित्र नाही." मला जरा लाज वाटली. फार नाही.

तुझा लेबरेख्त

आल्टेनग्रुंड, २० एप्रिल

चिरंजीव लेबरेख्त यास,

पंचायतीचे ज्येष्ठ, तांबट व चर्चचे सर्पवादक एहरेगोट क्लेम यांचेकडून.

तुमच्या मावशी श्रीमती सिडोनी यांच्या कुळात आता तुम्हीच एक पुरुष उरलात, म्हणून रीतीप्रमाणे तुम्हांस विचारणे भाग आहे. मी विधुर आहे, दात शाबूत आहेत, घरावर दगडी पाट्यांचे छप्पर आहे. त्यांचे दुकान व माझे दुकान यांमध्ये एकच भिंत आहे. ती पाडली की उत्तम सोय होईल. मी हा विषय त्यांच्यापाशी अकरा वेळा काढला. त्या प्रत्येक वेळी बटाटे वाढतात. याचा अर्थ काय घ्यावा?

स्त्रियांच्या मनाचे मला फारसे कळत नाही. त्यांना काय आवडते, ते कळवल्यास उपकार होतील.

एहरेगोट क्लेम

बर्लिन, ३० एप्रिल

आदरणीय क्लेमसाहेब,

आपण मला पुरुष म्हटलंत, छाती फुगली.

मावशी लाजाळू आहे. तोंडाने काही बोलणार नाही. पण तिचं मन मला ठाऊक आहे: तिला आपला नाग फार आवडतो. चर्चमध्ये रविवारी एकदाच ऐकायला मिळतो, ही तिची खंत. आपण रोज पहाटे पाच वाजता तिच्या खिडकीखाली मॅग्डालेनाच्या सणाचं स्तोत्र पूर्ण, सगळ्या कडव्यांसकट वाजवलंत, तर ती विरघळेल. खिडकी बंद केली तर समजा की लाजली. पाणी फेकलं तर समजा की फारच लाजली.

आपला नम्र,
लेबरेख्त

आल्टेनग्रुंड, २५ मे

लेबरेख्त,

तू तीन मैलांच्या आत असतास तर मी तुझा कान पिळून तुझ्याच हातात दिला असता.

तीन आठवडे. रोज पहाटे पाच. सतरा कडवी. पावसातसुद्धा, डोक्यावर किटलीचं झाकण धरून. मी खिडकी बंद केली तर तो खालून हसून मान डोलावतो. सोमवारी बादली रिकामी केली तर त्याने टोपी काढून नमस्कार केला. मग तुझं पत्र त्याने मला अभिमानाने दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. बेकरीवाली म्हणते, "सिडोनी, एकदाचं लग्न कर, आम्हाला झोपू दे."

पण खरी पंचाईत पुढेच आहे, शहाण्या. रोज वाजवून वाजवून माणूस सुधारलाय. तीस वर्षांत जेवढा सराव केला नाही तेवढा त्याने तीन आठवड्यांत केला. आता त्या नागातून खरोखर सूर निघतो, आणि मोठा निघतो. काल खाणप्रमुख रस्त्यात थांबून ऐकत होते. करायला गेलास काय आणि झालं काय. खाणप्रमुखांनी गायनमास्तरांना सांगितलंय की सणाच्या प्रार्थनेला खालच्या सुराची दोन्ही वाद्यं बसवा, नाग आणि आमचा भोंगा, जो पाया धरेल तो कायमचा ठेवू. जो हरेल त्याने घरी जावं. मी हरले तर घर कुठलं, तेवढं सांग.

भोंगा तयार होत आलाय. मोठं वळण दोनदा फाटलं. तिसऱ्यांदा राळ गार व्हायच्या आत हात घातला, अंगठा भाजला, पण वळण असं सुरेख बसलंय की हात फिरवत राहावं. वाजवायला कास्पर ठरलाय, खाणीतला गाडे ओढणारा. छाती दाराएवढी, अक्कल बेताची, पण सूर पक्का.

मावशी

बर्लिन, ४ जून

प्रिय मावशी,

चुकलो. कान तयार ठेवलाय, फिरती संपल्यावर घे. एहरेगोट सुधारेल हे देवालाही वाटलं नसेल, मी तर साधा कारागीर.

पण एक विचारतो. अंगठा कोणाचा भाजला? वाक्यात ट्राउगोटचं नाव मला सापडलं नाही. तीनदा वाचलं.

तुझा लेबरेख्त

आल्टेनग्रुंड, ८ जुलै

लेबरेख्त,

सगळं फुकट गेलं.

काल खाणीच्या अंगणात पहिल्यांदा बँडबरोबर वाजवून पाहिलं. कास्परने फुंकलं. आवाज असा की कोंबड्या भिंतीवर चढल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग क्लॅरिनेटवाल्यांनी धरलं आणि सगळ्यांची तोंडं लिंबू चोखल्यासारखी झाली. आमचा भोंगा बँडपेक्षा पूर्ण एक सूर चढा आहे. थोडाथोडका असता तर नळी ओढून जुळवला असता. पूर्ण सूर म्हणजे पुन्हा नवीन बनवणं, आणि हातात चौदा दिवस.

मी प्रत्येक माप पुन्हा तपासलं. अकरा फूट आठ इंच, केसाइतका फरक नाही. तूच मोजताना चुकलास की तुझ्या बोल्डुआनचा भोंगाच खोटा, देव जाणे. एहरेगोट अंगणाच्या कुंपणापाशी उभा होता. हसला नाही. म्हणाला, "सिडोनीबाई, वाईट वाटून घेऊ नका. भिंत पाडायला मी गवंडी सांगून ठेवलाय." तो चांगुलपणाने बोलला, हेच जास्त लागलं.

आज पहिल्यांदा मी भट्टी न पेटवता बसून राहिले.

मावशी

बर्लिन, १४ जुलै

मावशी, मावशी,

मी गाढव आहे. माझ्या गळ्यात घंटा बांध.

मापं बरोबर आहेत. पट्टी चुकली. मी बर्लिनच्या मोजपट्टीने मोजलं आणि नुसतं "इंच" लिहिलं. तू आपल्या घरच्या पट्टीने बनवलंस. बर्लिनचे नऊ इंच म्हणजे आपले दहा. आज कारखान्यात एक सॅक्सन गवंडी आला, त्याने आपली पट्टी आमच्या पट्टीशेजारी ठेवली आणि मी काम टाकून धावत खोलीवर आलो. तुझा भोंगा बिनचूक आहे. फक्त दहावा हिस्सा लहान, म्हणून पूर्ण सूर चढा.

दीड वर्ष गावोगाव हिंडलो, प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी तिथली पट्टी मागून घेतो. पण पत्र लिहिताना मी मनाने आपल्याच दुकानात उभा होतो, तिथे इंच म्हणजे इंच.

हे पत्र एकवीसला पोचेल. तेव्हा काय उपयोग? मी येतो. वही फाडली तर फाडू देत. पंचायतीपुढे उभा राहून सांगतो की चूक माझी.

लेबरेख्त

आल्टेनग्रुंड, २५ जुलै

लेबरेख्त,

तू निघाला नसशील अशी आशा आहे. निघाला असशील तर हे पत्र परत बर्लिनहून तुझ्यामागे येईल आणि तुला वाटेत गाठून मारेल. बस खाली आणि वाच.

तुझं पत्र एकवीसला आलं खरं. पण त्याच्या नऊ दिवस आधी ट्राउगोटने माझा जीव वाचवला होता. बाराला मी देवाशी भांडायला चर्चमध्ये गेले, त्याला हाताला धरून नेलं. हाताला धरून म्हणजे काय ते पुढे सांगते. गायनमास्तर ऑर्गनवर बसले होते. त्यांनी खालची कळ दाबली आणि ट्राउगोट म्हणाला, "बाई, हा तर आपल्याच भोंग्याचा सूर."

मी कपाळावर हात मारला. आपला ऑर्गन जुन्या वळणाचा, बँडपेक्षा एक सूर वर, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून तर फुंकणाऱ्यांना चर्चसाठी गायनमास्तर सुरावटीचे वेगळे कागद, एक सूर चढवून, लिहून देतात. अंगणात आमचा भोंगा खोटा, पण चर्चमध्ये त्याच्याइतका खरा कोणी नाही. कास्परला तसला वेगळा कागदसुद्धा लागला नाही, ऑर्गनचाच चालला. मी कोणापाशी अवाक्षर बोलले नाही. गायनमास्तरांनी तोंडावर बोट ठेवलं आणि आठवडाभर शिट्टी वाजवत फिरले.

सणाच्या दिवशी मिरवणूक निघाली. काळे डगले, कुऱ्हाडी, पिसं. कास्परला मी ताकीद दिली, "रस्त्यात नुसता मिरव, फुंकलास तर जेवण नाही." लोक म्हणाले, काय तो डौल. एहरेगोटने बिचाऱ्याने रस्ताभर वाजवलं, आणि बरं वाजवलं.

चर्चमध्ये चारशे माणसं उभी राहिली. ऑर्गनने स्तोत्र धरलं. एहरेगोटने नाग उचलला. आणि आता हे वाचून हसशील, हस. तुझ्या सल्ल्याने तो अडीच महिने माझ्या खिडकीखाली तेच स्तोत्र वाजवत होता, पण रस्त्यावरच्या, म्हणजे बँडच्या सुराच्या कागदाने, कारण ती बोटं सोपी. बोटांना तीच सवय लागली. समोर चर्चचा कागद, बोटं खिडकीखालची. पहिल्याच ओळीला तो सगळ्यांच्या एक सूर खाली, आणि सुधारलेला असल्यामुळे दणदणीत. गाय दारात अडकल्यासारखं झालं. दुसऱ्या ओळीला त्याने स्वतःच थांबून नाग खाली ठेवला. चांगला कान आहे माणसाचा, ते मानलं पाहिजे.

मग आमचा भोंगा लागला. लेबरेख्त, मी काय सांगू. जमिनीतून आला तो आवाज. चारशे माणसं त्याच्यावर निवांत उभी राहिली. माझ्या शेजारची बेकरीवाली रडत होती आणि मला कोपर मारत होती, मी तिला मारत होते.

प्रार्थना झाल्यावर खाणप्रमुख दारात थांबले. "हे कोणाच्या हातचं?"

आमचं ठरलं होतं की ट्राउगोटने पुढे व्हायचं. तो पुढे झाला. टोपी काढली. म्हणाला, "साहेब, मला वर्षभरापासून दिसत नाही. मी फक्त राळ ढवळली." आणि मागे सरकला म्हातारा.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी म्हटलं, "मी केलं."

एहरेगोट म्हणाला, "बाईने केलेलं काम पंचायतीत चालत नाही, साहेब. नियम आहे." खाणप्रमुख म्हणाले, "क्लेम, खाणीत पाणी भरतं तेव्हा पंप कोणी डाखला हे मी विचारत नाही. उपसतो का, एवढंच विचारतो." आणि तिथेच पायरीवर कारकुनाला लिहायला सांगितलं: सिडोनी, खाणीचा तांबट. दुसऱ्या दिवशी पंचायत माझ्या दाराशी आली, कागद वाचला, आणि बटाटे खाऊन गेली. रस्त्यावर वाजवायला बँडच्या सुराचा आणखी एक भोंगा हवाय, तेव्हा तुझी ती बर्लिनची पट्टी पाठव. आकडे नकोत, पट्टीच पाठव.

आता एक कबूल करते, कारण तुला खोटं सांगितलं ते मनाला लागून राहिलंय. ट्राउगोट बनवेल असं लिहिलं तेव्हाच मला माहीत होतं की मीच बनवणार. आणि त्याच्याही आधीचं. तुझ्या काकांचा उजवा हात सहा वर्षांपूर्वीच थरथरायला लागला होता. त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. दिवसा तुझ्यासमोर ते समजावून सांगायचे, आणि तू जेवायला गेलास की सांध्यांना डाख मी द्यायचे. दुकानातल्या ज्या कर्ण्यावर हात फिरवून तू पितळ शिकलास, तो माझा होता. त्यांची अब्रू राहावी म्हणून बोलले नाही. आता ते गेले, आणि मला वाटतं त्यांनाही चालेल.

मावशी

बर्लिन, ३ ऑगस्ट

खाणीचे तांबट, उस्ताद सिडोनी यांस,
आल्टेनग्रुंड.

खाली सही करणारा कारागीर लेबरेख्त, वय चोवीस, प्रकृती धडधाकट, आपणांस रीतीप्रमाणे विनंती करतो की फिरती पुरी झाल्यावर आपण मला आपल्या दुकानात जागा द्यावी. मला डाख बरा देता येतो. मोजता येत नाही. पगाराबद्दल आपण म्हणाल ते.

माझ्या वहीत पहिल्या पानावर "कोणाकडे शिकला" असा एक रकाना आहे. तिथे काकांचं नाव आहे, ते तसंच राहू द्यावं अशी माझी इच्छा आहे. पण त्या ओळीखाली जागा शिल्लक आहे. काल मी वही घेऊन इथल्या कारागिरांच्या उतारशाळेत गेलो आणि कारकुनाला म्हटलं, आणखी एक नाव लिहा. त्याने तुमचं नाव ऐकलं आणि लेखणी थांबवली. म्हणाला, "ही तर बाई आहे." मी म्हटलं, "हो." तो वाट बघत राहिला की मी पुढे काहीतरी समजावून सांगेन. मी वही त्याच्यापुढे आणखी सरकवली. मागे रांग वाढत चालली, तेव्हा त्याने लिहिलं.

आपला नम्र,
लेबरेख्त

ता. क. मावशी, तुला "तुम्ही" लिहिताना हात अडखळतो. पण उस्तादाला अरेतुरे करणाऱ्या कारागिराला दुकानात कोण ठेवतं? म्हणून आतापासून सवय करतोय.